दगड परदेशी, विद्यार्थी घरी

जगात कोठेही भूविज्ञानाची मोठी परिषद भरली आणि तीत दख्खनच्या पठाराचा विषय निघाला, की इगतपुरी, खंडाळा, भीमाशंकर, पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर ही नावे कानी आल्यावाचून राहत नाहीत. आपल्याला ही गावे थंड हवेची, देवदर्शनाची किंवा एस. टी. थांबण्याची ठिकाणे म्हणून ठाऊक असतात. भूवैज्ञानिकांना मात्र ती सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाथरांच्या संचांची नावे म्हणून परिचित आहेत. सह्याद्रीच्या कड्यांतून फोडलेले दगडाचे तुकडे पिशव्यांत बांधून अमेरिका-युरोपातील प्रयोगशाळांत जातात, त्यांचे वय ठरते, त्यावर निबंध वाचले जातात आणि वादही रंगतात. ज्यांच्या शेताबांधाखाली हे थर पसरले आहेत, त्या प्रदेशातील विद्यार्थी मात्र त्या सभागृहात अभावानेच आढळतो. त्याचा अभ्यास उणा असतो असे नाही. पुष्कळदा त्याच्यापाशी तिकिटाचे पैसे नसतात, एवढेच.

भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिषदांना जाण्यासाठी अर्थसाहाय्य मिळावे, हा विषय वरकरणी लहान वाटेल. जेथे शाळांची छपरे गळतात आणि प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, तेथे परिषदेच्या प्रवासखर्चाची चर्चा कोणी कशाला करावी, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाला टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तेव्हा प्रथम परिषद म्हणजे काय आणि तेथे न गेल्याने नेमके काय हुकते, हे पाहू.

ऐकणारे दुसरीकडे होते

१९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह असे मत मांडले की, डायनोसॉरांचा अंत एका प्रचंड अशनीच्या आघाताने झाला असावा. मग प्रश्न उभा राहिला, की एवढा मोठा आघात झाला असेल तर त्याचे विवर कोठे आहे? पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीसाठी काम केलेले ग्लेन पेनफिल्ड आणि आंतोनिओ कामार्गो यांनी लॉस एंजेलिस येथील भूभौतिकीच्या परिषदेत युकातान द्वीपकल्पाखाली दडलेल्या एका विशाल वर्तुळाकार रचनेची माहिती दिली. उत्तर तेथे होते. परंतु अशनिपाताचे जाणकार त्या वेळी युटा राज्यातील स्नोबर्ड येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेस गेले होते. ह्यूस्टनच्या एका वृत्तपत्राचे बातमीदार कार्लोस बायर्स यांनी ही बातमी छापली, पण विद्वज्जनांचे तिकडे लक्ष गेले नाही. अखेर १९९० साली याच बायर्स यांनी ॲरिझोना विद्यापीठातील ॲलन हिल्डेब्रँड या संशोधक विद्यार्थ्याला पेनफिल्ड यांच्या शोधाविषयी सांगितले. हिल्डेब्रँड यांनी पेनफिल्ड यांना गाठले, जुन्या विहिरींतील खडकांचे नमुने मिळवले, आणि १९९१ मध्ये या मंडळींचा संयुक्त निबंध प्रसिद्ध झाला. चिक्शुलूबचे सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर आज शाळकरी मुलांनाही माहीत आहे.

या हकिगतीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ऐकणारा माणूस नेमक्या सभागृहात नसला तर ज्ञान नऊ वर्षे जागच्या जागी पडून राहू शकते. दुसरी अशी की, विखुरलेले दुवे अखेर जुळून आले ते एका विद्यार्थ्याच्या धडपडीमुळे, आणि तेही एका माणसाने दुसऱ्याला समक्ष काही सांगितल्यामुळे. छापील निबंध हा संशोधनाचा शेवटचा टप्पा असतो. त्याच्या आधीचे अर्धवट तर्क, फसलेले प्रयोग, 'हा नमुना मला पाठवून पाहा' असे सहज निघालेले वाक्य, हे सारे परिषदेच्या व्हरांड्यात, भित्तिपत्रासमोर उभे राहून, चहाच्या पेल्याबरोबर घडते. आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडे सरकतात हा आपला विचार जगापुढे प्रथम ठेवला, तोही ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्ट येथील भूवैज्ञानिकांच्या सभेतच.

आणि हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. डायनोसॉरांच्या नाशाला केवळ अशनी कारण झाला, की दख्खनच्या लाव्हाचे उद्रेकही त्यास जबाबदार होते, यावर अद्याप एकमत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात दख्खनच्या थरांचे वय ठरवणारे दोन निबंध एकाच वेळी प्रसिद्ध झाले. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या होत्या आणि उद्रेकांच्या क्रमाविषयी निघालेले निष्कर्षही पूर्णपणे जुळत नव्हते. या वादाचा पुरावा आपल्या घाटरस्त्यांच्या कडेला उघडा पडलेला आहे. तो रोज पाहणाऱ्या मुलामुलींनी त्या चर्चेत निदान प्रश्न विचारण्यासाठी तरी उभे राहू नये काय?

भूविज्ञानाचे वेगळेपण

सर्वच शास्त्रांना परिषदा लागतात, हे खरे. पण गणिताच्या विद्यार्थ्याला जगभर एकच गणित भेटते. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ज्या भूमीवर तो जन्मला तेवढाच भूगोलाचा तुकडा भेटतो. महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बेसाल्टचा काळा कातळ आहे. येथे शिकलेल्या विद्यार्थ्याने हातोडा चालवायचा तो बहुधा याच कातळावर. हिमालयातील वळ्या, राजस्थानातील प्राचीन संगमरवर, कच्छमधील जीवाश्म यांची ओळख त्याला पुस्तकातील चित्रांवरून करून घ्यावी लागते. मोठ्या परिषदांना जोडून क्षेत्रसहली काढल्या जातात, त्या याचसाठी. त्यांत चार दिवस तज्ज्ञांबरोबर कडे-कपारी पाहिल्या, तर जे कळते ते चार सत्रांच्या व्याख्यानांतही कळत नाही.

दाराशा नोशेरवान वाडिया यांचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. हा मनुष्य जम्मूच्या महाविद्यालयात अध्यापक होता. सुट्ट्यांत हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या तुडवून त्याने अभ्यास केला, १९१९ मध्ये भारताच्या भूविज्ञानावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यानंतर तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गेला. १९६४ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेचे २२ वे अधिवेशन नवी दिल्लीत भरले, तेव्हा अध्यक्षपदी हेच वाडिया होते. एका महाविद्यालयातील अध्यापक येथवर पोहोचू शकतो, हा त्या घटनेचा अर्थ होता.

त्यानंतर छप्पन्न वर्षांनी ती परिषद पुन्हा भारतात यावयाची होती. ३६ वे अधिवेशन मार्च २०२० च्या आरंभी दिल्लीत ठरले होते. कोरोनाच्या साथीने ते लांबणीवर पडले, पुनःपुन्हा लांबले आणि अखेर मार्च २०२२ मध्ये केवळ दूरस्थ पद्धतीने, पडद्यावर पार पडले. दोष कोणाचाच नव्हता. परंतु रेल्वेच्या साध्या डब्यात बसून जागतिक परिषदेला जाता येईल, ही आपल्या एका पिढीच्या विद्यार्थ्यांची संधी मात्र कायमची हुकली. पुढचे अधिवेशन ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे भरले. दिल्लीला जाऊ शकणारा विद्यार्थी बुसानला जाऊ शकतोच असे नाही.

आधी खर्च, मग भरपाई

साहाय्य मुळीच मिळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची तरुण संशोधकांसाठी परदेशप्रवासाची योजना होती. तीतून विमानभाडे, नोंदणी शुल्क आणि व्हिसा शुल्क दिले जात असे. २०२३ च्या कायद्याने हे मंडळ अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या नव्या संस्थेत सामावले गेले. जागतिक परिषदेचे आयोजकही गरीब देशांतील तरुणांसाठी काही रक्कम राखून ठेवतात. युरोपातील भूविज्ञान संघटनेच्या व्हिएन्ना येथील अधिवेशनासाठीही तरुण संशोधकांना प्रवाससाहाय्य मिळू शकते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेने २०१३ मध्ये असा उपक्रम सुरू केला, की जे समाजगट या शास्त्रात फारसे दिसत नाहीत त्यांतील विद्यार्थ्यांना त्यांच्या पहिल्या अधिवेशनाला आणावे, आणि तेथे गर्दीत हरवू नये म्हणून प्रत्येकाला एक मार्गदर्शक जोडून द्यावा. यातील 'पहिल्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. जो दहा वेळा गेला आहे त्याला अकराव्यांदा पाठवण्यापेक्षा जो कधीच गेला नाही त्याला एकदा पाठवणे अधिक फलदायी, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे अडते ते कोठे, हे पाहण्यासाठी एक उदाहरण कल्पून पाहू. लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातली मुलगी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाच्या कहाण्या ऐकत ती वाढली. बेसाल्टमधील भूजलावर ती एम. एस्सी.चा प्रबंध करीत आहे. बंगळूर किंवा कोलकाता येथील परिषदेने तिचा गोषवारा स्वीकारला. आता तिची वणवण सुरू होते. नोंदणी शुल्क अमुक तारखेच्या आत भरले तर सवलत मिळते. तिकीट लवकर काढले तर स्वस्त पडते. परंतु विभागात विचारले असता उत्तर मिळते की, आधी जाऊन या, मूळ पावत्या, तिकिटे आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र जोडून देयक सादर करा, मंजूर झाल्यास भरपाई होईल. घरी बापाने बी-बियाण्यासाठी ठेवलेले पैसे ती मागणार कशी? आणि मागितले तर पेरणीच्या आत ते परत येतील, याची हमी तिला कोण देणार?

येथे टेबलामागे बसलेल्या लिपिकाला दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चुकीची आहे. पावती नसताना त्याने रक्कम काढली तर लेखापरीक्षणाचा आक्षेप त्याच्याच नावावर येणार. तो नियमाने बांधलेला आहे. दोष आहे तो नियमात. हा नियम पगारदार माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केला आहे. प्राध्यापक आपल्या खिशातून खर्च करून तीन महिने थांबू शकतो, विद्यार्थी थांबू शकत नाही. त्यामुळे घडते असे की, ज्याच्यापाशी आधीच पैसे आहेत त्यालाच साहाय्य घेता येते, आणि ज्याच्यासाठी योजना काढली तो अर्जच करीत नाही. मग वर्षअखेरीस मागणीच नाही, असा शेरा मारायला अधिकारी मोकळे!

शिवाय पदव्युत्तर विद्यार्थी या व्यवस्थेत बहुधा कोठेच बसत नाही. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवलेल्याला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. त्यातून देशातला प्रवास तो कसाबसा भागवील. युरोपचा प्रवास, नोंदणी आणि चार दिवसांचा मुक्काम यांत मात्र त्याची कित्येक महिन्यांची वृत्ती संपून जाईल. एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यापाशी तर तेवढेही नसते. आणि संशोधनाकडे वळावे की नाही, हा निर्णय तर त्याच वयात होत असतो.

आक्षेप आणि उत्तरे

आता तीन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की परिषदा म्हणजे सरकारी खर्चाने सहल. यात तथ्य नाही असे नाही. केवळ शुल्क उकळण्यासाठी भरणाऱ्या, कोणाचाही निबंध न वाचता स्वीकारणाऱ्या परिषदांची निमंत्रणे हल्ली रोज येतात. त्यांना एक पैसाही देऊ नये. मान्यताप्राप्त संस्थांच्या अधिवेशनांची यादी करून तेवढ्यांपुरतेच साहाय्य ठेवले, तर हा आक्षेप उरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आता सारे घरबसल्या पडद्यावर पाहता येते, मग प्रवास कशाला? साथीच्या काळात या सोयीने मोठेच काम केले आणि दूरच्या व्याख्यानांसाठी ती यापुढेही उपयोगी पडेल. पण खडक हातात घेऊन पाहावा लागतो, भिंगाखाली धरावा लागतो. अनोळखी विद्यार्थ्याला हाक मारून 'तुझे काम काय?' असे पडदा कधी विचारीत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: गरिबांच्या राज्यात ही चैन परवडते काय? त्याचे उत्तर आपल्या डोंगरउतारांनी दिलेले आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी यांच्यावर तीच आपत्ती कोसळली. हाँगकाँगमध्ये १९७२ च्या पावसाळ्यात दरडींनी शंभराहून अधिक बळी घेतले, १९७६ मध्ये पुन्हा आघात झाला. त्यानंतर १९७७ मध्ये तेथे उतारांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कार्यालय उघडण्यात आले. उतारांची नोंद झाली, पावसाच्या प्रमाणावरून धोक्याचा इशारा देण्याची पद्धत बसवण्यात आली, आणि बळींची संख्या पुष्कळच खाली आली. हे काम ज्यांनी केले त्यांच्याकडून ते शिकायचे, तर त्यांच्याशी बोलणारी माणसे आपल्यापाशी हवीत. आणि देवाणघेवाण एकतर्फीही नाही. १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेचा परिसर जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचे जगप्रसिद्ध उदाहरण ठरला आहे. तेथील अभ्यासासाठी कऱ्हाडला केंद्राची प्रयोगशाळा आहे आणि तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले आहे. आपणही जगाला काही सांगू शकतो. उद्या आपल्या तालुक्यातील विहिरीची जागा, धरणाचा पाया आणि वस्तीमागचा उतार तपासायला येणारा भूवैज्ञानिक आजच्या या विद्यार्थ्यांतूनच यायचा आहे. त्याने फक्त आपल्याच महाविद्यालयाची भिंत पाहिलेली असावी, हे आपल्याला परवडते काय, असा प्रश्न उलट विचारावयास हवा.

काय करता येईल

यासाठी मोठ्या महामंडळाची गरज नाही. प्रत्येक विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या परिषद-प्रवासासाठी एक लहानसे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. त्यातून देशांतर्गत परिषदांना आधी आणि परदेशी परिषदांना नंतर पैसे द्यावेत, कारण एका परदेशवारीच्या खर्चात कितीतरी विद्यार्थी देशात जाऊन येतात. गोषवारा स्वीकारल्याचे पत्र दाखवताच नोंदणी शुल्क विद्यापीठाने परस्पर भरावे आणि प्रवासखर्चाचा मोठा भाग आगाऊ द्यावा. विभागप्रमुखांनी हमी घ्यावी. परत आल्यावर महिन्याच्या आत हिशेब द्यायचा आणि न दिल्यास रक्कम वसूल करायची. एवढे नियमात लिहिले की लिपिकाचे हात मोकळे होतात आणि लेखापरीक्षकाचेही समाधान होते.

निवडीत पहिल्यांदा जाणाऱ्याला, तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आणि शेतात-डोंगरात काम करण्यास घरूनच अडथळा होणाऱ्या मुलींना अग्रक्रम मिळावा. साहाय्याबरोबर एक जबाबदारीही यावी. परत आलेल्या प्रत्येकाने आपल्या महाविद्यालयात आणि जवळच्या एका माध्यमिक शाळेत, मराठीतून, जे पाहिले-ऐकले त्यावर एक व्याख्यान द्यावे. एकाच्या तिकिटावर शंभरांनी प्रवास केल्यासारखे ते होईल.

पैसा आणावा कोठून? २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आहेत, आणि खाणबाधित भागातील शिक्षण हा त्यांच्या खर्चाचा एक मान्य विषय आहे. ज्या गावांच्या पोटातून खनिज निघते, त्या गावची मुले खनिजशास्त्र शिकत असतील तर त्यांच्यासाठी या निधीतून वाटा मागणे गैर ठरू नये. बोगदे, धरणे, सिमेंट यांवर चालणारे उद्योग भूवैज्ञानिकांच्या सल्ल्यावाचून एक पाऊल टाकू शकत नाहीत. त्यांनीही हात ढिला करावा. आणि या खात्यांतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी व अध्यापकांनी आपापल्या विभागाला वर्षाकाठी एका विद्यार्थ्याचे रेल्वेचे तिकीट दिले, तर ते कोणाला जड जाईल असे वाटत नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत आणि शिकत, हे दिवस फार जुने झालेले नाहीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी पान मांडले जाई. कोणा एकावर भार पडत नसे आणि मुलगा शिकून मोठा होई. त्या काळी विद्यार्थ्याची गरज भाकरीची होती. आज ती तिकिटाची आणि नोंदणी शुल्काची आहे. पान मांडणारी घरे अजून आहेत, त्यांना कोणी विचारलेले नाही, इतकेच. पुढच्या अर्थसंकल्पात आपल्या विद्यापीठाने हे लेखाशीर्ष उघडले की नाही, हे त्या त्या विद्यापीठाच्या अधिसभेतील सभासदांनी एकदा उभे राहून विचारावे. सुरुवात तेवढ्यानेही होऊ शकेल.